अर्धा ठेवलेला अध्याय

आमच्या घरात पोथीचा एक नियम होता: अध्याय संपेपर्यंत ऐकणाऱ्यानं उठायचं नाही. वडील तो फार कडक पाळत. मी मात्र तो एका खुनाच्या कादंबरीला लावला, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

पन्नासचं दशक सरत आलं होतं. कन्नड मुलखात, बसवनगुडीतल्या आमच्या घरी अक्का, माझी थोरली बहीण, अंथरुणाला खिळली होती. हृदयाची झडप गेली होती. डॉक्टरांनी वडिलांना बाजूला घेऊन काय ते सांगितलं, ते मी दाराआडून ऐकलं होतं. अक्काची शाळा कन्नड. बाळबोध लिपी वडिलांनी शिकवली ती मला, धाकटी म्हणून रिकामी होते तेव्हा, पोथी वाचायला. त्यामुळे बेळगावकडच्या शेजारणीनं ती जाडजूड कादंबरी दिली, तेव्हा दुपारी वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं.

कोकणातला बंगला, बंगल्यात खून. लेखकानं काही म्हणजे काही सोडलं नव्हतं: खाऱ्या वाऱ्यानं गंजलेले गज, दिवाणखान्यातला ओलसर वास, जिन्याची वाजणारी सातवी पायरी. अक्कानं समुद्र कधी पाहिला नव्हता, पण आठवड्याभरात ती त्या बंगल्यात राहायलाच गेली. आई पेज घेऊन आली की अक्का म्हणायची, "हळू ये गं, सातवी पायरी वाजेल." तिकडे नंदीच्या देवळापाशी भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरली होती, गल्लीभर कलकलाट. आम्हा दोघींना फक्त लाटा ऐकू येत होत्या.

एके दुपारी ती म्हणाली, "खून त्या कारकुनानं केलाय बघ. किल्ल्या त्यालाच ठाऊक."

शेवट मी पहिल्याच दिवशी चोरून वाचला होता. कारकूनच होता. मी म्हणाले, "छे, भलतंच काहीतरी." गोष्ट संपली की ऐकणारी उठून जाईल, असं माझं शहाणपण. त्या दिवसापासून मी दोनच पानं वाचू लागले आणि अध्याय मुद्दाम अर्धा ठेवू लागले.

"स्वल्प पुढं वाच की," ती म्हणायची.

"सरी, उद्या," त्या कानडी 'बरं'वर मी वेळ मारून न्यायचे.

एकदा तिनं माझं मनगट धरलं. बोटं सुजलेली, गार. "कारकून नाही म्हणतीस, मग कोण? तेवढं तरी सांग."

मी पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी वाचायची वेळ व्हायच्या आत ती गेली. अध्याय अर्धाच होता. पोथीचा नियम तिनं पाळला नाही.

तेरावा झाल्यावर मी पुस्तक परत करायला गेले. शेजारीण डोळे पुसत म्हणाली, "अक्कांना खुनी ओळखता आला होता का हो?"

"पहिल्या आठवड्यातच," मी म्हणाले. "अगदी बरोबर ओळखला होता."

जे अक्काला सांगायचं होतं, ते मी शेजारणीला सांगून आले.