साहेबांची आठ किलोची बॅग

सन २०२४, एप्रिल महिना. मला एकोणसत्तर सरून सत्तरावं लागलं होतं. सातपूरच्या एका कंपनीच्या मैदानावर, सकाळी सहाच्या सुमाराला, साहेबांनी त्यांची बॅग माझ्या पाठीवर चढवली. पट्टे स्वतःच्या हाताने आवळले. बैलाची जुपणी आवळावी तसे. म्हणाले, "चला काका. मैदानाला एक राउंड मारा. मग सगळ्यांना सांगा किती किलो."

मी चाललो.

पाच जण बघत होते. एक जण फोन धरून शूटिंग करत होता. त्या पाचांत एक माझा मुलगा, मिलिंद.

कंपनीचं नाव लिहीत नाही. साहेबांचंही नाही. नाव लिहिलं की लोक म्हणतात, तो एकटा वाईट होता. आणि बाकीचे घरी जाऊन जेवतात.

मी तिसरीपर्यंत शिकलो. लासलगावला कांद्याच्या खळ्यावर चाळीस वर्षं हमाली केली. टोळीत माझं काम उचलून द्यायचं. भरलेलं पोतं मी उचलायचो, कधी दुसऱ्याच्या पाठीवर द्यायचो, कधी काट्यावर टाकायचो. काट्यावर टाकताना आकडा बोलायचा अशी आमच्या टोळीची रीत. आधी माणूस बोलणार, मग काटा. पन्नास. एक्कावन. साडेअठ्ठेचाळीस. काट्यात नि माझ्यात अर्ध्या किलोचा फरक पडला की पोरं चहा मागायची. चहा पाजायची वेळ माझ्यावर फार थोडी आली. शेवटी शेवटी आकडा तोंडातून आपोआप निघायचा. घरात सुनेने पिठाचा डबा हातात दिला तरी मी "सात" म्हणायचो. नातवंडं हसायची.

हे मिलिंदने कंपनीत सांगितलं. कौतुकाने सांगितलं. मिलिंद तिथं फिटर, सहा वर्षं कंत्राटावर; हमाली सुटल्यापासून मी त्याच्याकडेच सातपूरला. कंपन्या-कंपन्यांत चालण्याची एक स्पर्धा ठरली होती. प्रत्येकाने पाठीवर पंधरा किलो घेऊन चाळीस किलोमीटर. साहेब टीमचे पुढारी, आणि त्यांनी निवडलेले पाच कामगार. टीममध्ये जो टिकेल त्याचं नाव परमनंटच्या यादीत, असं कोणी कागदावर दिलं नव्हतं. पण बोललं जात होतं. कामगाराला तेवढं बास होतं.

साहेब मिलिंदला म्हणाले, "आण तुझ्या वडिलांना. आपल्याला फुकटचा काटा मिळेल."

मी गेलो. खरं सांगायचं तर मिरवत गेलो. धुतलेला सदरा घालून. रोज पहाटे पाचही जणांच्या बॅगा उचलायच्या, आकडा बोलायचा. आत वाळूच्या पिशव्या. कमी असली तर घाल, जास्त असली तर काढ. पोरं मजा करायची.

"काका, ह्याच्या बॅगेत बायको बसलीय का बघा."

"ह्याची बायको पंधरात मावते व्हय?" मी म्हणायचो.

साहेबही हसायचे. एकदा म्हणाले, "तुमच्या लोकांचं बरं असतं. ओझं जन्मापासून पाठीवर. आम्हाला शिकावं लागतं." सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची लाज मला आज वाटते. त्या दिवशी वाटली नाही.

साहेबांची बॅग मी कधी उचलली नव्हती. गाडी थांबली की ड्रायव्हर डिकीतून काढून थेट त्यांच्या पाठीवर चढवायचा. आणि चालायला लागले की पळल्यासारखे. गंगापूर धरणाच्या रस्त्याला पोरं त्यांच्या मागं फरपटत जायची. मागं राहिला की ओरडा. "लेडीज आहेस का? चल!" दुसऱ्या आठवड्यात एका वेल्डरचा गुडघा नारळाएवढा सुजला. त्याच्या जागी दुसरा आला. मिलिंदच्या खांद्यावर पट्ट्याचे काळे वळ उठले. रात्रपाळी करून तो तसाच चालायला जायचा. मी साहेबांकडे बघायचो. साहेबांचं वय पन्नास. घाम नाही. दम नाही. मला वाटायचं, खाल्लेपिल्लेलं अंग आहे.

मग ती सकाळ आली. साहेब फोनवर बोलत होते आणि त्यांची बॅग गाडीजवळ खाली पडलेली होती. वाटेत होती म्हणून मी उचलून बाजूला ठेवली.

तोंडातून निघालं, "आठ."

मी मोठ्याने बोललो. मुद्दाम नाही बोललो. पण मैदान शांत होतं आणि सगळ्यांनी ऐकलं.

साहेबांनी फोन बंद केला. "काय म्हणालात?"

आता गिळता आलं असतं. नाही गिळलं. "बॅग आठ किलोची हाय, साहेब."

साहेब हसले. त्यांचे डोळे काही हसले नाहीत. एकाला म्हणाले, "जा, स्टोअरमधून काटा आण." आणि ड्रायव्हरला म्हणाले, "बॅग गाडीत ठेव तोवर. धूळ लागतेय."

काटा यायला दहा मिनिटं लागली. गाडीची डिकी दोनदा वाजली. मी तिकडेच बघत होतो. मिलिंद माझ्याकडे बघत होता.

ड्रायव्हरने बॅग आणून काट्यावर ठेवली. पंधरा किलो दोनशे.

"अरे, काटा चुकला!" कोणीतरी म्हणालं, आणि सगळे हसायला लागले. साहेब म्हणाले, "अंगठेबहाद्दर माणसाला आकडे सांगायला बसवलं ही माझीच चूक. घाला काका पाठीवर. एकदा नीट कळू द्या."

तोच तो राउंड.

पाठीवर घेताक्षणी मला कळलं. आता पंधरा होती. मघाशी आठ होती. मधल्या दहा मिनिटांत सात किलो आत गेले. हे मला कळलं, ड्रायव्हरला कळलं, आणि साहेबांना तर माहीतच होतं.

राउंड मारून आलो. साहेब म्हणाले, "बोला. किती?"

मी म्हणालो, "आता पंधरा."

"आता नाही. पंधरा. आणि म्हणा, चुकलो."

चाळीस वर्षांत व्यापाऱ्यापुढे हा शब्द काढला नव्हता. तेव्हा मिलिंद पुढे आला. माझ्या कानाशी नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "आबा, म्हणा ना चुकलो. काय जातंय तुमचं?"

साहेबाचा शब्द अंगावरून गेला असता. पोराचा आत गेला.

मी म्हणालो, "चुकलो."

साहेबांनी पाठीवर थाप मारली. बॅग काढली. मग सगळे चालायला निघाले. अर्ध्या वाटेवर साहेबांना कसलासा महत्त्वाचा फोन आला आणि ते गाडीत बसले, असं मला नंतर कळलं. पाच जण चालत राहिले. गाडी पुढे. काचेतून साहेबांची आरोळी, "स्पीड! स्पीड!"

संध्याकाळी पाळी संपवून मिलिंद घरी आला तो भिंत धरत. मोरीतून बाहेर आला आणि आडवा झाला. थोड्या वेळाने सून वैशाली माझ्याजवळ आली. तिला सासऱ्याला सांगायची लाज वाटत होती, पण तिने सांगितलं. "आबा, ह्यांना लघवी चहासारखी होतीय. कालपासून."

कॉलनीच्या कोपऱ्यावर डॉक्टर आहेत. त्यांनी तपासलं आणि सरळ सांगितलं, "उन्हात ओझं घेऊन पळवल्याने स्नायू तुटतायत. त्याचा रंग लघवीत उतरतोय. असंच चालू राहिलं तर किडनी जाईल. भरपूर पाणी प्या. उद्या सकाळीच मोठ्या दवाखान्यात रक्त तपासा. चालणं बंद."

वाटेत मिलिंद म्हणाला, "उद्या तीस किलोमीटर हाय. अंजनेरीपर्यंत आणि परत. उद्या नाय गेलो तर झालं, सहा वर्षं पाण्यात."

"तुला डॉक्टर काय म्हणाले?"

"आबा, तुम्ही नाय का वाहिलं चाळीस वर्षं? तुम्हाला काय झालं?"

"मी शंभर-शंभर पावलं वाहिलं. आणि आमच्यात ज्याच्या पाठीवर सगळ्यात जड, तो वेग ठरवायचा. हलकं घेऊन पुढं पळणाऱ्याच्या मागं कोणी लागत नव्हतं."

"मग साहेबांची खरंच आठ होती?"

"तुला काय वाटतं?"

तो खाली बघत चालत राहिला. दारात म्हणाला, "असली तरी काय करणार? मी जाणार."

मी ओट्यावर बसून राहिलो. आणि नाना डोळ्यापुढे आला. नाना आमच्या टोळीतला, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. रेल्वेच्या वॅगनमध्ये माल भरायचा होता. मुकादमाचा मेहुणा त्या दिवशी टोळीत पुढे होता, वॅगनला लावलेल्या फळीवरून नुसता पळत होता. नाना इरेला पेटला. त्याच्या मागं पळायला लागला. सातव्या का आठव्या फेरीला नाना फळीवर खाली बसला. पाठीवरचं पोतं तसंच. तोंडाला फेस. तो परत उठला नाही.

मेहुण्याच्या पाठीवर पोती मी देत होतो. अर्धी होती. पहिल्याच फेरीला माझ्या हाताला कळलं होतं. मुकादमाचा माणूस म्हणून मी बोललो नाही. नानाच्या बायकोला सगळ्यांनी सांगितलं, ऊन लागलं. मीही तेच सांगितलं. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. ती गेली.

आता इथं लिहून ठेवतो. माझ्या हाताने मला कधी फसवलं नाही. मीच माणूस बघून तोंड उघडलं, माणूस बघून मिटलं. लोक मला काटा म्हणायचे. काटा असता तर साहेबाचं नि हमालाचं एकच बोलला असता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मिलिंद उठायच्या आधी मी निघालो. आधी कंपनीच्या स्टोअरच्या दाराशी जाऊन काटा मागितला. तिथला माणूस म्हणाला, "काका, साहेबांना विचारल्याशिवाय काटा देता येत नाय."

"नको देऊ," म्हणलं. "मागायला येतील तेव्हा दे."

मैदानावर जाऊन साहेबांची गाडी जिथं लागते तिथं उभा राहिलो. पोरं जमली. मिलिंद आला, बॅग घालून. चेहरा राखेसारखा. मला बघून म्हणाला, "आबा, घरी जा. पाया पडतो."

गाडी आली. ड्रायव्हरने डिकी उघडली. त्याच्या आधी माझा हात आत गेला. बॅग बाहेर काढली, पट्ट्याला धरून वर उचलली आणि मैदानाच्या पार त्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो, "आठ!"

साहेब उतरले. "काका, ठेवा ती खाली. काल समजलं नाही का?"

"काटा आणायला सांगा."

"मिलिंद, तुझ्या वडिलांना आवर. नाहीतर उद्यापासून तू गेटच्या बाहेर."

मिलिंद जागचा हलला नाही. पुढेही आला नाही, मागेही गेला नाही.

मी म्हणालो, "त्याला गेटच्या बाहेर खुशाल काढा. दवाखान्यात तर मी त्याला आत्ताच नेणार हाय. पण काटा आधी. आणि तो येईपर्यंत ही बॅग गाडीत जाणार नाय."

ड्रायव्हर बॅग घ्यायला पुढे झाला. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो थांबला. सत्तरीचा हात आहे, खांद्यातून आग निघत होती. मी ती बॅग सगळ्यांच्या समोर तशीच वर धरून उभा राहिलो. खाली ठेवली नाही.