सातबाऱ्यावरचं माझं नाव

नादार व्हायलासुद्धा तयारी लागते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, माणूस बुडाला की बुडाला, त्यात अर्ज कसला करायचा? पण पनवेलला कोर्टाच्या मागच्या गल्लीत एक वकीलबाई बसायच्या, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "ताई, पैसे नाहीत म्हणून चालत नाही. पैसे नाहीत हे कोर्टाला पटवावं लागतं." मी म्हटलं, घ्या, आता गरिबीसुद्धा सिद्ध करा.

मी तिथपर्यंत कशी पोचले ते थोडक्यात सांगते, कारण लांबवण्यासारखं त्यात काही नाही. आमचे हे न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटकडे कामाला होते. एका दुपारी कंटेनरच्या यार्डातच कोसळले. मेंदूत रक्तस्राव. जीव वाचला, उजवं अंग गेलं, बोलणं निम्मं राहिलं. नवीन पनवेलची आमची जागा पहिल्या वर्षातच हॉस्पिटलांनी गिळली आणि आम्ही सुकापूरला भाड्याच्या खोलीत आलो. मी एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क होते. त्या वर्षांत बँका दुपारच्या झोपेतून उठवून विचारायच्या, मॅडम, लोन हवंय का? मी म्हटलं, हवंय. एकीनं दिलं, मग दुसरीनं दिलं, मग कार्डं आली. सगळं माझ्या नावावर, कारण ह्यांचा सहीचा हात गेलेला. तोवर यांना सांभाळायला ठेवलेल्या बायका एकामागून एक सोडून गेल्या. भरदार पुरुषाचं अंग उचलायचं म्हणजे खायचं काम नाही, त्यांनाही दोष देत नाही. शेवटी मी नोकरी सोडली. पगार थांबला, हप्ते थांबले नाहीत. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

मग वसुलीवाले. सकाळी यांची कूस बदलत असायची, पाठीच्या जखमेला पावडर लावत असायची, की फोन वाजायचा. कधी गोड, कधी शिव्या. एकदा एक पोरगा दारात येऊन मोठ्यानं बोलायला लागला, मजल्यावरची सगळी दारं किलकिली झाली. मी त्याला म्हटलं, "आत ये, बाबा. यांना त्या कुशीवर वळवायला मदत कर, मग काय ते बोल." तो आत आला, यांच्याकडे बघितलं आणि पाणीही न पिता गेला. दुसऱ्या दिवशी दुसरा पाठवला त्यांनी. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की मी आता थकले. रडू आलं नाही, राग आला नाही, नुसतं पान गळून जावं तसा माणूस गळून जातो.

आमच्या मजल्यावरच्या एका बाईंनी या वकीलबाईंचं नाव सुचवलं. वकीलबाईंनी शांतपणे समजावलं. कोर्टात नादारीचा अर्ज करायचा. देणं किती ते सांगायचं आणि आपलं म्हणून जे जे आहे ते सांगायचं. कोर्ट ते ताब्यात घेतं, देणेकऱ्यांत वाटतं, आणि हळूहळू आपण मोकळे. दारात कुणी येऊन ओरडायचं नाही. मी विचारलं, "आणि घरातलं? भांडीकुंडी?" त्या म्हणाल्या, "नेसती लुगडी, अंथरूण, स्वयंपाकाची भांडी घेत नाहीत. मंगळसूत्रही नाही." मला हसूच फुटलं. किती दिवसांनी हसले असेन. म्हटलं, म्हणजे सरकारला माहीत आहे तर, शेवटी बाईकडे काय काय उरतं ते.

बरं चाललं होतं. मी मनातल्या मनात मोकळीसुद्धा झाले होते. मग वकीलबाईंनी सहज विचारलं, "माहेरची काही जमीन?"

"आहे ना. खाडीकडच्या गावात. पण ती दादाची."

"सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे?"

"आहे," मी म्हटलं, आणि तेही ऐटीत म्हटलं, कप्पाळ माझं!

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग ताई, तुम्ही नादार कशा?"

या ऐटीला कारण होतं. वडील गेले तेव्हा आमच्या पट्ट्यात जमिनीला सोन्याचा भाव यायला लागला होता. विमानतळ येणार, रस्ते येणार, कुणी म्हणे अमुक येणार. गावोगावचे भाऊ आपापल्या बहिणींना गाडीत घालून पनवेलला रजिस्ट्रारकडे आणत होते आणि हक्कसोडीवर सह्या घेत होते. बहिणीही मुकाट्यानं करत. हिस्सा मागितला की माहेर तुटतं, हे आमच्याकडे पोरीला चालायच्या आधी कळतं. आमच्या दादानं मात्र ते केलं नाही. तलाठ्यानं विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "बापाला दोन पोरं व्हती. कागदावर पन दोनच दिसू दे." आम्ही भावंडं दोनच. हे मी सगळ्यांना सांगायची. शाळेत सांगायची, हळदीकुंकवाला सांगायची. बायका म्हणायच्या, नशीबवान आहेस गं. आणि आता तोच दादाचा चांगुलपणा माझ्या गळ्यात आला.

वकीलबाईंनी दोन वाटा दाखवल्या. अर्ज केला तर माझा हिस्सा सांगावाच लागणार. मग कोर्टाचा माणूस जमिनीपर्यंत जाणार, दादाच्या दारापर्यंत जाणार, विक्री निघणार. दुसरी वाट, हिस्सा आपणच विकायचा आणि देणी भागवायची, अर्जाची गरजच नाही. मी विचारलं, "आणि आत्ताच हक्कसोड केलं तर?"

"तर कोर्ट म्हणेल, देणेकऱ्यांना फसवायला केलं. ते रद्द होऊ शकतं आणि तुमचा अर्जही अडकेल. हक्कसोड करायचं असेल तर निदान दोन वर्षं नादारी विसरा. फोन येतील, केस होईल, सहन करायचं."

बाहेर येऊन मी फुटपाथवर उभी राहिले. रिक्षावाले विचारत होते, कुठे जायचं, आणि मला खरंच सांगता येईना.

दादाबद्दल नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्ही त्याला वाईट समजाल. आम्हाला मूल नाही. यांच्या बाजूचे नातेवाईक पहिले काही महिने आले, मग फोनवर आले, मग फोनही थांबले. दादा थांबला नाही. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद असायची तेव्हा दवाखान्यात न्यायला यांना पाठंगुळीला मारून तो चार जिने उतरायचा. तांदळाचं पोतं कधी संपू दिलं नाही. तळ्यातला जिताडा काढला की साफ करून, तुकडे करून आणायचा, म्हणायचा, "काटं काडून दे गं त्यांना, घशात जाईल." डोक्यावर छप्पर कुणाचं का असेना, माझं माणूस म्हणायला तो एकच होता. उद्या यांना काही झालं तर खांदा द्यायलाही तोच येणार, हे मला पक्कं माहीत होतं.

म्हणून मी दुसरी वाट धरायची ठरवली. अर्ज नको, कोर्ट नको. रस्त्याच्या कडेला एक लहानसा तुकडा होता, पाणी साचायचं म्हणून तिथे पिकायचं काही नाही. ट्रेलर उभे करायला जागा हवी म्हणून एक माणूस तो कितीदा मागून गेला होता. माझ्या हिश्श्यापेक्षा तो तुकडा पुष्कळ लहान. तेवढा विकला तरी माझं सगळं भागत होतं.

एका रविवारी शेजारच्या बाईंना यांच्यापाशी बसवून मी गावी गेले. दादा ओट्यावर पाण्याचा पंप खोलून बसला होता, हात ग्रीसनं काळे. मला बघून ओरडला, "अगं बाय आली! चाय टाका." मी चहा व्हायचीही वाट बघितली नाही. एकदा थांबले असते तर बोलले नसते. सगळं सांगितलं. बँका, दारात येणारी पोरं, वकीलबाई, अर्ज. मग म्हटलं, "दादा, मी आजवर काही मागितलं नाही. तो रस्त्याकडचा तुकडा विकूया. मला यातून सोडव."

तो पंपाकडेच बघत होता. तसाच बघत म्हणाला, "म्हंजे तू आरज केलास तर बँकवाले हितं येनार?"

"अर्ज केला तर. तुकडा विकला तर कुणी येणार नाही."

वहिनी दारात कपबशी घेऊन उभी होती. ती म्हणाली, "एक तुकडा गेला की मंग दुसरा मागतील. आमी बगितलंय शेजारी." तिचा आवाज चढला नव्हता. तिच्या मुलाचं लग्न ठरत होतं, त्या तुकड्याच्या मागेच त्याचं घर बांधायचं चाललं होतं. तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं, फक्त एवढ्या शांतपणे नसतं म्हटलं.

"बगतो," दादा म्हणाला.

निघताना नेहमीसारखे तांदूळ दिले, सुकट दिली, वर नारळ. रिक्षात बसले तेव्हा मांडीवरचं ओझं पेलवेना.

'बघतो' म्हणजे काय असतं, ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तरी मी वाट बघितली. फोन वाजला की आधी वाटायचं दादा, मग निघायचा वसुलीवाला. वकीलबाईंचाही एकदा आला, काय ठरलं? म्हटलं, ठरतंय. हे पलंगावरून माझ्याकडे बघत राहायचे. जेवढं बोलता येत होतं त्यात एकदा म्हणाले, "नको... मागू." मी चिडले त्यांच्यावर. म्हटलं, मी मागू नको तर तुम्ही उठा आणि कमवा! बोलून गेले आणि मग सबंध दिवस त्यांच्याशी गोड बोलत राहिले. भाताचे घास मऊ करून भरवले. त्यांना कळत होतं सगळं, हेच तर जास्त वाईट.

मग एका सकाळी दादा आला. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. मला वाटलं, झालं, गिऱ्हाईक मिळालं. त्यानं यांच्या पायाला हात लावला, पाणी प्यायला, आणि पिशवीतून एक साडी काढून माझ्या मांडीवर ठेवली. चांगली होती, जांभळी, काठाची. आमच्याकडे हक्कसोडीच्या दिवशी भाऊ बहिणीला साडी घेतो. मी किती जणींना तशा साड्या नेसलेलं पाहिलं होतं. मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"बाय," तो म्हणाला, "गावात सगली बोलतात, बँकेचा बोजा चडला का सगलाच सातबारा अडकतो. माजा पन. पोराचं घर हाय... मला कायदा कलत नाय. सही करून टाक. मी हाय ना तुज्यापाटी."

मी त्याला वकीलबाईंचं सगळं पुन्हा सांगू शकले असते. म्हणू शकले असते की सही केली तर माझी सुटकेची वाट बंद होते. नाही म्हणू शकले असते, कायद्यानं तो हिस्सा माझाच होता. पण तो बोलताना यांच्या उशाशी बसला होता आणि बोलता बोलता न सांगता त्यानं यांची मान उशीवर नीट केली होती. त्या एका गोष्टीपुढे मी हरले. यांना पाठीवर घेऊन जिने उतरणारं दुसरं कोण होतं मला? जमीन घेतली असती तर बँका गेल्या असत्या आणि हाही गेला असता. मी साडी नेसले.

ती सही मला केवढ्याला पडली ते इथेच सांगून टाकते. नादारीचा अर्ज कधीच झाला नाही. बँकेनं केस केली, तडजोड झाली, आणि मी शिकवण्या घेऊन, दुपारी एका डॉक्टरकडे नंबर लावायला बसून, हे गेल्यावरही कितीतरी वर्षं ते फेडत राहिले. दादानं यांना खांदा दिला. तेवढं तो चुकला नाही.

रजिस्ट्रारच्या ऑफिसात गर्दी होती. माझ्यासारख्या काठाच्या साड्यांतल्या दोघी-तिघी बाकावर बसल्या होत्या, आपापल्या भावांशेजारी, एकमेकींकडे न बघता. नंबर आला. फोटो काढला, अंगठा घेतला. खुर्चीतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, "स्वखुशीनं देताय ना? कुणाची जबरदस्ती नाही?"

"स्वखुशीनं," मी म्हटलं. दादा बाजूला उभा होता, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत.

बाहेर आल्यावर तो मला जेवायला चल म्हणाला, मी म्हटलं, यांचं औषध आहे. मग त्यानं रिक्षा थांबवली, रिक्षावाल्याच्या हातात आधीच भाडं दिलं आणि मी बसल्यावर रिक्षाचा दांडा धरून उभा राहिला. डोळे लाल झाले होते त्याचे.

"बाय, कदी काय लागलं तर सांग हां. लाजू नको. मी हाय."

"लागलं होतं, दादा," मी म्हटलं. "सांगितलं होतं."

तो दांडा सोडेना. मागून एसटी हॉर्न मारायला लागली, तेव्हा रिक्षावाला म्हणाला, "काका, सोडा आता." मग त्यानं हात काढला.