आधी पाच काढायचे

घनसावंगीच्या आमच्या शाळेत गुरुजींचा नियम होता: ज्याचं गणित बरोबर, त्याने चुकलेल्यांच्या थोबाडीत मारायची. गुरुजींचे श्रम वाचत आणि पोरापोरांत वैरही आपोआप पेरलं जाई. सातवीच्या वर्गात मी एकटीच मुलगी. थोरला भाऊ एकदा नापास होऊन माझ्याच वर्गात येऊन बसला होता.

फळ्यावर होतं, तीन क्ष अधिक पाच बरोबर वीस. भावासकट सगळे विसाला तिनाने भागायला धावले आणि अडकले. मला मात्र त्या दिवशी लख्ख कळलं. कापसाची गाडी भरताना बोजे आधी चढतात, दोर शेवटी आवळतात. उतरवताना दोर आधी सोडावा लागतो. क्षला आधी तिनाने गुणलंय, पाच नंतर मिळवलेत. म्हणून आधी पाच काढायचे, उरलेल्या पंधराला मग तिनाने भागायचं. क्ष म्हणजे पाच. इतका आनंद मला कुठल्या सणालाही झाला नव्हता.

"बराबर," गुरुजी म्हणाले. "मार आता सगळ्यांना."

मी ओळीने हाणत गेले. भावापाशी हात ढिला पडला.

"आवाज आला न्हाई. जोरात मार, न्हाई तर कसं मारायचं ते तुलाच दाखवतो."

मग अशी ठेवून दिली की त्याच्या गालावर बोटं उमटली. वर्ग खदाखदा हसला.

घरी बातमी आमच्याआधी पोचली होती. "थोरल्या भावावर हात उगारती? बास झाली शाळा," वडील म्हणाले. गुरुजींच्या नियमाबद्दल चकार शब्द नाही. माझ्या दप्तराच्या पिशवीत आईने दुसऱ्या दिवशी वाळल्या मिरच्या भरल्या.

परीक्षा जवळ आली तरी भाऊ तिथंच अडकलेला. वडलांनी मला चुलीपासून उठवलं. "हे क्षचं याला समजावून दे. यंदा पास झालाच पाहिजे."

पाटीवर होतं, चार क्ष अधिक सात बरोबर पस्तीस. बघता बघता उत्तर आलं, जिभेच्या टोकावर.

"मला न्हाई येत," मी म्हणाले.

भावाने चमकून पाहिलं. त्याला पक्कं ठाऊक होतं. वडील चिडतील, खोटं बोलतीस म्हणून दरडावतील, याची मी वाट पाहत उभी राहिले. तेवढं म्हणाले असते तर सगळं सांगितलं असतं, पाया पडून शाळाही मागितली असती.

ते हसले. "तुला कुठनं येणार? जा, भाकरी थाप."