माणूस आत आहे

आमचा भाऊ लिफ्टचा मिस्त्री होता. म्हणजे लोक वर जायचे आणि हा त्यांच्या पायाखाली खड्ड्यात उभा, अंगभर ग्रीस. लग्न काही केलं नाही. "दिवसभर लटकतोच आहे, घरी येऊन आणखी कशाला लटकू," म्हणायचा. राहायचा मोठ्या बहिणीकडे, अक्काकडे. अक्काचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, ती घरातच लोकांचे कपडे इस्त्री करून द्यायची. खाली दुकानं, वर दोन खोल्या, भिंतीला कपड्यांचे ढीग, आणि त्या ढिगांत ही दोघं भांडत भांडत राहायची.

मग भावाचे हात थरथरायला लागले. डॉक्टर म्हणाले, हा आजार जात नाही, सांभाळून राहायचं. कामावरून घरी बसवलं. घरी बसला तसा त्याचा सगळा जीव बहिऱ्यात. बहिऱ्या म्हणजे त्याचा कामावरचा जोडीदार. मोटारींच्या घरघरीत कान गेले म्हणून बहिऱ्या, तो स्वतःही स्वतःला बहिऱ्याच म्हणायचा. तो लेकीकडे लांब राहायला गेला होता. आता फोन करावा तर त्याला ऐकू येत नाही, कागदावर लिहावं तर याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, मोबाइलच्या काचेवर बोट ठेवावं तर भलतंच उघडतं. राहिला जुना कॉम्प्युटर. बहिऱ्याच्या लेकीने दोघांनाही ईमेलचं खातं उघडून दिलं होतं. पण ते रंगीबेरंगी पान, त्यावर शंभर ठिकाणी टिचकी मारायची, आणि याच्या हातात माउस म्हणजे बेडूक. एकदा बहिऱ्याचं पत्र वाचता वाचता याने ते कचऱ्यात टाकलं. त्या दिवशी जेवला नाही.

"अक्का, मी आता मुकाच झालो गं," म्हणाला.

अक्का दिवसभर उभी राहून थकलेली, पण हे ऐकलं आणि तशीच खाली गेली. तिथे कॉम्प्युटर दुरुस्त करणारी एक बाई बसते. ती म्हणाली, "माउस नकोच ना? मग काळ्या पडद्यावरचं मेल लावून देते. नुसती अक्षरं. चित्र नाही, रंग नाही, सगळं बटणांवर."

बाईने वर येऊन ते बसवलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, कुठलं बटण कशाचं ते खाली लिहिलेलं. भाऊ बघून खूश. "हे बरं आहे. आमच्या लिफ्टसारखं. उगाच नटवं नाही." पण घोडं अडलं पासवर्डवर. खात्याचा नेहमीचा पासवर्ड हा काळा पडदा घेईचना. बाई म्हणाली, या जुन्या चालीच्या पडद्याला वेबमेलवाले विश्वासाने आत घेत नाहीत, त्याच्यासाठी वेगळा पासवर्ड त्यांच्याच पानावरून काढावा लागतो. तो काढला, चिठ्ठीवर उतरवला, कीबोर्डच्या पोटाला चिकटवला. तेवढ्यात बाईला दुकानातून हाक आली. "एवढं टाइप करा, झालं," सांगून ती गेली.

आता गंमत अशी की त्या पडद्यावर पासवर्ड टाइप करताना काहीच दिसत नाही. ना अक्षर ना ठिपका. अक्काला वाटलं बटण लागलंच नाही. तिने परत दाबलं. मग जोरात दाबलं. पडदा म्हणाला चूक. परत तेच. इस्त्री दाबून दाबून घट्टे पडलेला अंगठा, तो दाबतोय आणि पडदा ढिम्म. शेवटी वेबमेलवाल्यांनी खातंच अडवून ठेवलं, उद्या या म्हणाले.

"झालं समाधान?" भाऊ म्हणाला. "लिफ्ट येत नाही म्हणून सतरांदा बटण दाबणारी माणसं असतात ना, त्यांतली तू. अगं, एकदाच दाबायचं आणि थांबायचं. ती येत असते."

"मग तूच दाब की."

"माझं एकदा दाबलेलं चारदा लागतं, म्हणून तर तू."

दुसऱ्या दिवशी अक्काने एकेक अक्षर एकदाच दाबलं. दाबायचं, थांबायचं. आणि पडद्यावर बहिऱ्याची पत्रं एकाखाली एक उतरली. सगळी प्रश्नचिन्हांत! बाईने परत येऊन मराठी अक्षरं दिसतील असं केलं. मग कळलं, पत्रं येतात पण जात नाहीत. "येणाऱ्याचा रस्ता वेगळा, जाणाऱ्याचा वेगळा," बाई म्हणाली आणि दुसराही लावून दिला. अक्काच्या अक्षरशः नाकी नऊ आले.

पण त्यानंतर भाऊ बोलायला लागला. एका बोटाने, हळूहळू, दुपारभर. पाठवताना मात्र दोन बटणं एकदम दाबावी लागत, एक धरून ठेवायचं आणि दुसरं दाबायचं. धरून ठेवणं त्याच्या हाताला जमेना. म्हणून तो ओरडायचा, "अक्का, धर!" अक्का इस्त्री उभी करून यायची, एक बटण धरायची, दुसरं तो दाबायचा. एका पत्राला दोन माणसं.

एकदा अक्काने घोळ केला. इस्त्री आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डावर, आणि पिन घालायला जागाही एकच. घाईत तिने कॉम्प्युटरची पिन उपटली आणि इस्त्रीची घातली. दुपारभराचं पत्र गेलं. भाऊ उठला. पेटीतून त्याने आपली कामावरची पाटी काढली आणि बोर्डाच्या बटणाला टांगली. लाल पत्रा, त्यावर पांढऱ्यात लिहिलेलं: माणूस आत आहे. हात लावू नये.

लिफ्टच्या कामात ही पाटी म्हणजे जीव असतो. खड्ड्यात उतरताना मिस्त्री ती मुख्य बटणाला लावतो. ज्याने लावली त्यानेच काढायची. मालक आला तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही. फार तर जोडीदार काढू शकतो, तोही तीन गोष्टी विचारून, बघून.

"आता इस्त्री कुठे लावू? डोक्यावर?" अक्का म्हणाली.

"माझं पत्र झालं की पाटी काढतो. मग लाव."

असं चाललं. पाटी लागली की अक्का कपड्यांच्या घड्या घालायची, निघाली की इस्त्री करायची.

एके दिवशी पाटी लावलेली असताना, पत्र अर्धं असताना, भाऊ खुर्चीतच कलंडला. दवाखान्यात नेला तो घरी आलाच नाही.

सगळं उरकलं. माणसं आली, गेली. अक्का परत कामाला लागली, ढीग काही थांबत नाहीत. पण इस्त्री ती ठेंगणा म्हणून आजवर टाळलेल्या स्वयंपाकाच्या ओट्यावर करायला लागली, मिक्सरच्या जागी पिन घालून, वाकून, कंबर मोडेपर्यंत. बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर तसाच घुमत राहिला, काळ्या पडद्यावर अर्धं पत्र, बटणावर पाटी. शेजारीण म्हणाली, "अहो अक्का, बंद करा ते." अक्का म्हणाली, "मी नाही लावलेली."

तिला झोप लागेना. पाटीपायी नाही, बहिऱ्यापायी. तो तिकडे रोज पडदा उघडून बघत असेल. त्याला कोण सांगणार? त्याच्या लेकीचा नंबर भावाच्या मोबाइलमध्ये, आणि तो मोबाइल कलंडताना खाली पडून फुटलेला. रस्ता हा एवढाच.

एका सकाळी ती खुर्चीत बसली. पडद्यावर भावाचं लिहिलेलं: "बहिऱ्या, आज हात जरा बरा आहे. अक्का कालपासून रुसली आहे, तिला म्हटलं तुझी इस्त्री म्हणजे" एवढंच. पुढे काही नाही. काय म्हणाला होता ते अक्काला आठवत होतं. तिने ते लिहिलं नाही. खाली लिहिलं: "इथून पुढे अक्का लिहिते. भाऊ गेला. पाटी लावलेली राहिली आहे. काय करू?"

मग तिने डाव्या हाताने एक बटण धरलं, आणि दुसरं कोण दाबणार म्हणून उगाच थांबली. मग स्वतःच दाबलं. पडद्याने पासवर्ड मागितला. दिसत काहीच नव्हतं. तिने चिठ्ठी बघून एकेक अक्षर एकदाच दाबलं. पत्र गेलं.

दुपारी जेवण झाल्यावर उत्तर आलं.

"अक्का, मी जोडीदार आहे, हक्क माझा. पण मला येववत नाही. मी इथून विचारतो, तू उठून बघ, मग लिही. बसल्या जागी उत्तर देऊ नको. वर कोणी आहे का? खाली कोणी आहे का? हत्यारं बाहेर आली का?"

अक्का उठली. आतली खोली बघितली, त्याची गादी गुंडाळलेली. जिना उतरून खाली बघितलं. परत वर आली. खुर्चीखाली त्याचा टेस्टर पडला होता, कीबोर्डमागे चष्मा. दोन्ही पुसून त्याच्या पेटीत ठेवले, पेटी लावली. मग बसून लिहिलं: "वर कोणी नाही. खाली कोणी नाही. हत्यारं बाहेर आली." धरलं, दाबलं.

उत्तर लगेच आलं. "मग काढ. आणि उद्यापासून तू लिहीत जा. मला दुसरं कोण आहे."

अक्काने बाहेर पडायचं बटण दाबलं. पडद्याने विचारलं, खरंच बाहेर पडायचं का? तिने एकदाच दाबलं आणि थांबली. मग पाटी काढली, पिन बदलली, पाठ सरळ करून उभी राहिली. इस्त्री तापायला वेळ लागतो. तेवढ्यात तिने रडून घेतलं, आणि मग ढिगातला वरचा शर्ट ओढला.