सामंतबाई ऐकतात तेव्हा

आमच्या अंधेरीच्या कंपनीतले दोघं कुठेही भेटू देत, लग्नात नाहीतर डेंटिस्टकडे, पाचव्या मिनिटाला सामंतबाईंचा विषय निघतोच. एकाने किस्सा सांगितला की दुसऱ्याला दोन आठवतात. ऐंशीच्या दशकात आम्ही मिक्सर बनवायचो. चटणीचे नव्हे, आवाजाचे. वरच्या मजल्यावर स्टुडिओ होता, तिथे रेडिओचे कार्यक्रम रेकॉर्ड व्हायचे. सामंतबाई आमच्या चीफ इंजिनियर.

*

जुहूच्या एका हॉटेलात पुढाऱ्याचं भाषण होतं. स्पीकरमधून सारखा घूं आवाज येत होता. बाईंनी स्टेजच्या दिव्यांचा डिमर बंद केला, घूं गायब. चालू केला, घूं हजर.

आयोजकाला म्हणाल्या, "दिवे आणि माइक एकाच लाइनवर घेतलेत तुम्ही. आता बदलायला वेळ नाही. साहेब दिसायला हवेत की ऐकू यायला?"

त्याने एकदा फोटोग्राफरकडे बघितलं. "दिसू देत ना."

*

रंगभूमीवरचे एक नामवंत नट रेडिओच्या नाटकाला आले. पहिल्याच वाक्याला आवाजाच्या मीटरचा काटा उजवीकडे जाऊन आपटला. तीन टेक झाले, तेच. हळू बोला म्हणून त्यांना सांगणार कोण?

बाई आत गेल्या. "इथे हाऊसफुल्ल थिएटर नाहीये. एकच बाई आहे, पोळ्या लाटतेय. तिच्या कानाशी बोला."

पुढचा टेक असा झाला, की संपल्यावर स्टॉप दाबायचं मी विसरलो. नट बाहेर आले नि म्हणाले, "तिची पोळी करपली असेल हो."

*

पवईच्या इंजिनियर मंडळींसमोर बाईंनी आमचा मिक्सर आणि एक इम्पोर्टेड मिक्सर पडद्याआड ठेवले. कुठला चांगला वाजतो ते सांगा म्हणाल्या. सगळ्यांनी इम्पोर्टेड निवडला. आमची वाट लागली.

"बरोबर निवडलंत," बाई म्हणाल्या.

वर्षभर बाईंनी आमचा मिक्सर पुन्हा पुन्हा उघडला. मग तीच मंडळी, तोच पडदा. या वेळी निम्म्यांनी आमचा निवडला. आमचे मालक पेढे आणायला निघाले, तर बाई तिथेच खुर्ची ओढून बसल्या. "उरलेल्या निम्म्यांना काय खटकलं, तेवढं मला सांगा."

*

नाहूरची शालन परब आमच्या ऑफिसात टायपिस्ट होती. आवाज झकास. बाईंनीच तिला रेडिओवर गोष्ट वाचायला बसवलं. कार्यक्रम लागला तेव्हा सगळ्या चाळीने ऐकला, पण तिच्या वडिलांना काही कळलं नाही. गिरणीतल्या यंत्रांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले होते.

बाईंनी त्यांना स्टुडिओत बोलावलं. हेडफोन दिले, एकेक सूर वाजवून कुठला ऐकू येतो ते हाताने दाखवायला सांगितलं. त्यांना जेवढं ऐकू येत होतं, तेवढ्यात बसेल असा शालनचा आवाज मिक्सरवर जुळवायला लागल्या. दुपार त्यातच गेली. मग टेप लावली.

म्हातारा हलेना. शालन काचेपलीकडे उभी होती, तिच्याकडे बघत राहिला.

"आवाज अजून वाढवू?" बाईंनी खुणेने विचारलं आणि व्हॉल्यूमच्या बटणावर त्याचा हात ठेवला.

त्याने बटण उलटं फिरवलं. आवाज कमी केला. मग आणखी कमी.

"माझ्यावांगडा सगळी वरडानच बोलतत," तो म्हणाला. "ही हळू कशी बोलता, ता आयकूचा आसा."