पाच गुंडांची सरासरी

पंचायतीच्या सभेत पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी पडद्यावर एकच निळा खांब दाखवला. "दर घरामागे सरासरी पाच गुंड पाणी. पुरेसं आहे. वरच्या वस्तीला वेगळी लाइन देता येणार नाही," म्हणाले अन् फाइल मिटायला लागले.

मी ग्रामपंचायतीचा वॉलमन. टाकीचा वॉल सोडतो, बंद करतो. शाळा चौथीपर्यंत. हिंगणीकडच्या आमच्या गावात वस्त्या चार, लाइन एक. पाणी आधी उतारावर पळतं. माझं घर वर, टेकाडावर. तिथं दोन गुंड, म्हणजे दोन हंडे, भरले की नळाला हवा येते. बाकीचं पाणी बायको हापशीवरून डोक्यावर आणायची. बाया टोमणे मारायच्या, "वॉलमनची बायको अन् हापशीवर!" मागच्या पोळ्याआधी ती गेली. मला आता दोन गुंड पुरतात. शेजारणींना पुरत नाहीत.

पडद्यावर खाली आणखी एक आकडा होता.

"साहेब, हे 'वस्ती क्रमांक, सरासरी अडीच' काय व्हय?"

"ते कॉम्प्युटर आपोआप काढतो."

"अडीच नंबरची वस्ती गावात कुठं हाय? मले तं इतक्या वर्षांत सापडली नाई."

सरपंचबाईंनी हसू दाबलं. "काकाजी, बसा न खाली."

"बसतो. पहिले टेकाडावर पाच गुंडवालं घर दाखवा."

माहिती दोन जातींची असते. वस्तीचा नंबर, एक ते चार, हे नुसतं नाव. त्याची सरासरी काढणं म्हणजे बैलांच्या नावांची बेरीज करणं. गुंड मोजता येतात, त्यांची सरासरी निघते. पण सगळे आकडे एकाच गंजात वरणासारखे घोटले, की कोणाच्या ताटात काय पडलं ते दिसत नाही.

सर्व्हेत दर वस्तीचं एकेक घर होतं. दुसऱ्या दिवशी मी त्याच चार घरच्या बायांना म्हटलं, "आज जेवढे भरले, तेवढे रिकामे गुंड पंचायतीपुढं आणा." मी चुन्याची रेघ मारली. सगळ्या रांगा त्याच रेघेपासून लावल्या, नाहीतर आखूड रांगही लांब दिसते. नऊ, पाच, चार, दोन.

साहेब पंचायतीतून बाहेर आले. "अरे, हा तर बार चार्ट झाला!"

"तुमचा एक खांब होता. आमचे चार हायेत."

"पण सरासरी पाचच येते, काका."

"येऊ द्या न. तिले पाणी लागत नाई."

साहेब दोनाच्या रांगेपाशी गेले. मग फाइल उघडली.

दिवाळीनंतर वरच्या वस्तीची वेगळी लाइन झाली. आता सहा, पाच, पाच, चार. मी माझ्यातले दोन शेजारी देतो. टाकी तीच, म्हणून बेरीज वीसच.

परवा वरच्या ऑफिसातून कागद आला: 'कामापूर्वी सरासरी पाच, कामानंतर पाच. सुधारणा आढळत नाही. खुलासा करावा.'

मी लिहून दिलं, "पाणी वाढलं नाही. वर चढलं."

तेव्हापासून कोणी सरासरी सांगितली, की मी आधी विचारतो, तुमचा नळ कोणत्या वस्तीत आहे?