पाठ चोळायची की नाही
नर्सिंग शिकताना माझ्या हातांना सगळ्यात आधी वळण लागलं ते पाठ चोळण्याचं. तळव्यावर स्पिरिट घ्यायचं, कमरेपासून खांद्यापर्यंत जोर लावून चोळायचं, वर पावडर. पडून राहणाऱ्या माणसाच्या पाठीला जखम होऊ नये म्हणून. जिथं लाल दिसेल तिथं जरा जास्तच. आमच्या सीनियर सिस्टर नुसती पाठ बघून सांगायच्या, आज कुणी अंग चोरलंय.

मग एवढ्या वर्षांनी वॉर्डात नवं ट्रेनिंग झालं. शिकवायला आलेल्या मॅडम माझ्या लेकीच्या वयाच्या. त्या म्हणाल्या, लाल झालेली जागा चोळू नका. आत आधीच इजा झालेली असू शकते, चोळल्यानं ती वाढते. कूस बदला, तिथला दाब काढा. अभ्यासांतून हेच पुढं आलंय म्हणे. मी मान डोलावली, पण डोक्याचा पार भुगा झाला. मी चोळलेल्या पाठी नीट राहिल्या त्या माझ्यामुळं, की माझ्या तावडीतून सुटल्या म्हणून? विचारलंच. मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही कूसही बदलत होतात ना? कदाचित त्यामुळं." कदाचित! हा शब्द मला अजून पचलेला नाही.

हे होतंय तोच आई पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि हर्सूलला भावाच्या घरी ती खाटेला खिळली. एका दुपारी तिला कुशीवर वळवलं तर माकडहाडावर लाल डाग. म्हातारं पातळ कातडं, त्यात शुगर. तिथं जखम झाली असती तर भरून येणं कठीण होतं. वहिनी स्पिरिटची बाटली घेऊन तयार.

"ताई, चोळू का?"

"नको."

आईनं मान वळवली. "का गं? जन्मभर परक्याच्या पाठी चोळल्यास, अन् माझ्या पाठीला हात लावायला जड जातंय व्हय?"

"तसं नाही आई. आता चोळत नाहीत. त्यानं त्रास वाढतो."

"मंग आधी कशाला चोळायचीस?"

मला रडू आलं आणि रागही. राग मॅडमचा की आईचा, तेही कळेना.

मी डागावर बोट दाबलं. दाबून सोडल्यावर जागा पांढरी पडली तर अजून वेळ गेलेली नसते, लालच राहिली तर आत बिघडलेलं असतं, असं त्या ट्रेनिंगमध्येच सांगितलं होतं. बोट टेकताच आई सैल पडली.

"हां, तिथंच. लई बरं वाटलं. आता चोळ."

मी बोट उचललं. जागा पांढरी पडली, मग हळूहळू पुन्हा लाल झाली. जिवात जीव आला. पाठीशी उशी लावून मी तिला तशीच कुशीवर ठेवलं, तोंड भिंतीकडं.

"काढलास ना हात?" ती भिंतीलाच म्हणाली.

संध्याकाळपर्यंत डाग विरला. नंतर तिथं काही झालं नाही. कूस बदलल्यामुळं की आपोआप, कोण सांगणार? आई मात्र शहागंजहून भेटायला आलेल्या मावशीला सांगत होती, "पोरगी एवढी सिस्टर हाय, पण मला हात लावत नाय." मी तिथंच, खाटेच्या पायथ्याशी उभी होते.